गाडी धावते, पण मूल खेळते का?

तीन वर्षांच्या मुलाच्या वाढदिवसाला आलेल्या भेटवस्तूंचे कागद फाडले की हल्ली त्यातून एक वस्तू हमखास निघते. चकचकीत खोका, त्यावर वळणावळणाचा रस्ता, बोगदा, पूल आणि त्यावरून सुसाट निघालेली एक इटुकली गाडी. सेल घाला, बटण दाबा, की गाडी आपली आपण धावू लागते. प्रस्तुत प्रतिनिधीच्या भाच्याच्या तिसऱ्या वाढदिवशी पुण्यात असे एक नव्हे, तीन खोके आले. एक रस्त्यावरच्या पथारीवरून घेतलेला, साडेतीनशे रुपयांचा. दुसरा रविवार पेठेतील बोहरी आळीतल्या दुकानातला, साडेअकराशेचा. तिसरा मॉलमधला. त्याची किंमत आणणाऱ्यांनी अदबीने खोडली होती, पण ती तीन हजारांच्या आत नसावी.

घरातल्या मंडळींचा प्रश्न साधा होता. यातला चांगला कोणता आणि ठेवायचा कोणता? उत्तर शोधता शोधता तीन आठवडे गेले. इमारतीतली अडीच ते सहा वर्षांची चार मुले या कामी मोठ्या उत्साहाने रुजू झाली. सोबत खेळण्यांविषयीचे नियमही चाळून झाले. या लेखात कोणत्याही कंपनीचे नाव नाही. या बाजारात तोच साचा दर हंगामात नव्या नावाने आणि नव्या रंगात येतो, त्यामुळे नावापेक्षा काय पाहावे हे ठाऊक असलेले बरे.

मुळात हे खेळणे चालते कसे, ते आधी पाहू. लहान मुलांसाठीच्या बहुतेक संचांत मोटार आणि सेल गाडीतच असतात. रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना कठडे असलेली प्लॅस्टिकची पन्हळ. गाडीला स्टिअरिंग नसते. कठड्याला घासत घासत ती वळते. अंगठ्याच्या पेराएवढी मोटार मिनिटाला हजारो फेरे घेते. तो वेग दोन-तीन दंतचक्रांनी कमी केला जातो आणि त्या बदल्यात चढ चढण्याचा जोर मिळतो. जपानमध्ये १९५९ साली निळ्या प्लॅस्टिकच्या रुळांवरची ‘प्लारेल’ ही खेळण्यातली आगगाडी बाजारात आली आणि पुढे दोनच वर्षांत तिला मोटार बसली. आजच्या लहान मुलांच्या गाड्या कमी-अधिक प्रमाणात त्याच वाटेने चालतात.

दुसऱ्या प्रकारात गाडीत काहीच नसते. रस्त्यालगत एक डबा असतो, त्यात दोन रबरी चाके गरगरत असतात आणि मधून जाणाऱ्या गाडीला ती पुढे फेकतात. उभ्या गोलातून गाडी उलटी होऊन जाते, असे चित्र खोक्यावर असेल तर संच बहुधा या जातीचा समजावा. कारण साधे आहे. बारा सेंटिमीटर त्रिज्येच्या उभ्या गोलात माथ्यावरून खाली न पडता जायचे, तर गाडीला तिथे सेकंदाला एक मीटरहून थोडा अधिक वेग लागतो. आमच्याकडची मोटार असलेली गाडी साडेतीन मीटरची फेरी बारा सेकंदांत पूर्ण करत होती, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस सेंटिमीटर. ती असली कसरत करणे शक्य नाही. फेकणाऱ्या चाकांचा संच मोठ्या मुलांना फार आवडतो. तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मात्र तो घेऊ नये. बोटे त्या फिरत्या चाकांपाशी जातात, आणि मूल वाकून बघू लागले की केस त्यात अडकू शकतात. तिसरा, रस्त्यातूनच वीज घेणारा ‘स्लॉट कार’चा प्रकार. इंग्लंडमध्ये १९५७ साली ‘स्केलेक्स्ट्रिक’ने तो घरोघर नेला. तो शाळकरी मुलांचा खेळ आहे, त्याचा इथे विचार नको.

खोका उघडण्यापूर्वी

खेळण्याची पहिली परीक्षा खोक्यावरच होते. १ जानेवारी २०२१ पासून देशात विकल्या जाणाऱ्या, १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. खेळणे देशी असो की आयात केलेले, नियम एकच. सेलवर चालणाऱ्या खेळण्यावरील चिन्हाशेजारी ‘आयएस १५६४४’ हा विजेच्या खेळण्यांचा मानक क्रमांक असावा लागतो; नुसत्या चाकांच्या गाडीवर ‘आयएस ९८७३’. चिन्हाखाली ‘सीएम/एल’ या अक्षरांनी सुरू होणारा परवाना क्रमांक असतो, आणि खरी मेख तिथेच आहे. चिन्ह कोणालाही छापता येते. परवाना क्रमांक मात्र ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या मोबाइल अ‍ॅपमध्ये टाकला की उत्पादकाचे नाव, मानक आणि परवाना चालू आहे की नाही, हे समोर येते. दुकानात उभ्या उभ्या एका मिनिटाचे काम.

आमच्या तीन खोक्यांपैकी पथारीवरच्या खोक्यावर चिन्हच नव्हते. परदेशी वाटावीत अशी दोन-तीन अक्षरे तेवढी होती. बोहरी आळीतल्या खोक्यावर चिन्ह, मानक क्रमांक आणि परवाना क्रमांक तिन्ही होते, आणि अ‍ॅपमध्ये ते जुळलेही. मॉलमधल्या महागड्या खोक्यावर परवाना होता, पण तो सापडायला दहा मिनिटे लागली; मागच्या बाजूला, सूचनांच्या गर्दीत, मुंगीच्या अक्षरांत.

हे सगळे करायचे कशासाठी? खेळण्यातली गाडी ही तोंडात जाणारी वस्तू आहे, म्हणून. ऑगस्ट २००७ मध्ये ‘मॅटेल’ या जगातल्या मोठ्या खेळणी कंपनीला ‘कार्स’ चित्रपटातील ‘सार्ज’ नावाची छोटी गाडी बाजारातून परत बोलवावी लागली होती. तिच्या रंगात शिसे सापडले होते. एकट्या अमेरिकेतच अशा सुमारे २ लाख ५३ हजार गाड्या विकल्या गेल्या होत्या. शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो आणि तो चटकन दिसत नाही, त्यामुळे घरी काही कळण्याची सोय नाही. भारताने जानेवारी २००९ मध्ये चिनी खेळण्यांच्या आयातीवर सहा महिन्यांची बंदी घातली आणि मार्चमध्ये चाचणीच्या दाखल्याच्या अटीवर ती सैल केली. पुढे २०१९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने बाजारातील आयात खेळण्यांची तपासणी केली, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश नमुने सुरक्षिततेच्या कसोटीवर उतरले नाहीत. सक्तीचा आदेश निघाला तो त्यानंतर, २०२० साली. रंगातले शिसे, मऊ प्लॅस्टिकमधली थॅलेट्स ही रसायने, टोकदार कडा, तुटून निघणारे भाग या साऱ्यांची प्रयोगशाळेत चाचणी झाल्याखेरीज परवाना मिळत नाही.

नोंदणीकृत हस्तकला कारागिरांनी आणि भौगोलिक मानांकन मिळालेल्या वस्तूंच्या अधिकृत उत्पादकांनी केलेल्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे. त्यामुळे कारागिराकडच्या लाकडी गाडीवर चिन्ह दिसले नाही, तर लगेच बिचकण्याचे कारण नाही. मोटारीच्या प्लॅस्टिक संचाला मात्र ही सबब लागू नाही.

खोक्यावर आणखी एक गोष्ट पाहायची. लाल वर्तुळात रडवेला चेहरा, त्यावर तिरकी रेघ आणि ‘०-३’ हे आकडे. आपल्याकडे बरेच पालक याचा अर्थ बुद्धीशी जोडतात. ‘आमचा हुशार आहे, त्याला जमेल,’ असे सांगणारे आजोबा आम्हाला दुकानातच भेटले. पण त्या चिन्हाचा हुशारीशी काडीचा संबंध नाही. खेळण्यात घशात अडकेल एवढा लहान भाग आहे, इतकेच ते सांगते. त्यासाठी प्रयोगशाळेत एक नळकांडे वापरतात. त्याचा व्यास ३१.७ मिलिमीटर आणि तळ तिरका, खोली २५.४ पासून ५७.१ मिलिमीटरपर्यंत. एखादा भाग न दाबता त्यात पूर्ण मावला, तर तो तीन वर्षांखालील मुलाच्या हाती देण्याजोगा नाही. मूल चार वर्षांचे असेल, पण घरात दीड वर्षाचे धाकटे भावंड रांगत असेल, तर वय धाकट्याचे धरायचे. आमच्या पहिल्या संचातला वाहतूक पोलीस, दोन झाडे आणि गाडीचा सुटा निघालेला रबरी टायर, चौघेही त्या मापात सहज बसले असते.

सेलची डबी

आता या लेखातला सर्वांत महत्त्वाचा भाग. वाढदिवसानंतरच्या तिसऱ्या दिवशी, संध्याकाळी साडेसात वाजता, पथारीवरच्या संचातला सिग्नलचा खांब टीपॉयवरून खाली पडला. त्यात लाल-हिरवा दिवा लागायचा. मुलांनी तो खांब त्याआधीही दोनदा पाडला होता. या वेळी तळाचे झाकण उडाले आणि आतले बटन सेल घरंगळत गेले. झाकणाला स्क्रू नव्हता, नुसती खाच होती. सेल तीन असायला हवे होते. दोन सापडले. जमिनीवर तेव्हा भाचा होता आणि शेजारची अडीच वर्षांची मुलगी होती, जी त्या वेळी काहीतरी चघळत होती.

ती शेंगदाणा चघळत होती, हे तोंडात बोट घातल्यावर कळले. पण आधी काय गेले असेल, हे कोण सांगणार? बहिणीने बालरोगतज्ज्ञांना फोन लावला. त्यांनी एकच सांगितले, ‘वाट पाहू नका. सेल सापडला नाही तर मुलीला घेऊन या, एक्स-रे काढू.’ पायात चपला घालेपर्यंत वेळ आली. सुमारे पंचवीस मिनिटांनी तिसरा सेल सतरंजीच्या दुमडलेल्या कोपऱ्यात मिळाला. त्या पंचवीस मिनिटांत त्या मुलीच्या आईच्या चेहऱ्याकडे पाहण्याचा धीर आमच्यापैकी कोणाला झाला नाही.

बटन सेलचा धोका नाण्याच्या किंवा मण्याच्या धोक्यापेक्षा वेगळा आहे. तो घशात गुदमरण्यापुरता नाही. अन्ननलिकेत अडकलेल्या सेलच्या दोन बाजूंमध्ये तिथल्या ओलाव्यातून विद्युतप्रवाह सुरू होतो आणि ऋण बाजूला तीव्र अल्कली तयार होते. ती आतल्या त्वचेला जाळते. नाण्याच्या आकाराच्या, २० मिलिमीटर व्यासाच्या लिथियम सेलमुळे अवघ्या दोन तासांत गंभीर जखम होऊ शकते. सेल ‘संपलेला’ असला तरी धोका टळत नाही. दिवा लावण्याइतका जोर त्यात उरलेला नसतो, पण जाळण्याइतका असतो. लहान आकाराचे सेल बऱ्याचदा पोटातून पुढे निघून जातात, पण नाकात किंवा कानात घातलेला लहान सेलही तितकाच घातक ठरतो. मूल सुरुवातीला रडेलच असे नाही. लाळ गळणे, जेवण नाकारणे, खोकला, एवढीच चिन्हे असू शकतात आणि ती सर्दीची वाटतात. अशी शंका आली, तर उलटी काढण्याच्या भानगडीत न पडता थेट एक्स-रेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.

म्हणून संच हाती घेतल्यावर पहिले काम म्हणजे तो उलटा करायचा. गाडी, सिग्नल, पूल, आवाज करणारे स्टेशन, जिथे जिथे दिवा किंवा आवाज आहे, तिथे सेलची डबी असणारच. प्रत्येक डबीचे झाकण स्क्रूने बंद असले पाहिजे. तो स्क्रू उघडल्यावर झाकणातच अडकून राहणारा असेल तर उत्तम, नाही तर तोच हरवतो आणि मग झाकणावर चिकटपट्टी येते. बटन सेल असलेले भाग नसलेलाच संच घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत झाले आहे. तीन वर्षांच्या मुलाच्या रस्त्याला लुकलुकणाऱ्या सिग्नलची गरज नसते. हिरवा झाला, लाल झाला, हे ते स्वतःच ओरडून सांगते.

गाडीत लागणाऱ्या पेन्सिल सेलचे गणित वेगळे. तिथे धोका कमी, खर्च जास्त. आमच्या दुसऱ्या संचातली गाडी एका पेन्सिल सेलवर चालते. साध्या स्वस्त सेलवर ती दोन तासांनंतर पुलाचा चढ चढेनाशी झाली. अल्कलाइन सेल टाकला, तेव्हा सहा तासांच्या आसपास चालली. किमतीतला फरक पाहता अल्कलाइन सेल अंगावर येत नाही. घरात चार्ज होणारे सेल असतील तर ते वापरण्याचा मोह होतो, आणि तो चांगला आहे. मात्र साध्या सेलचा दाब दीड व्होल्ट, तर चार्ज होणाऱ्या निकेलच्या सेलचा १.२ व्होल्ट असतो. एका सेलच्या गाडीत हा फरक पाचव्या हिश्शाचा होतो. आमची गाडी सपाटीवर तशीच पळाली, पुलावर मात्र दमली. ‘मामा, गाडीला ताप आलाय,’ असे निदान झाले. चढ थोडा कमी केला, की काम भागते. साधे सेल चार्जरमध्ये घालू नयेत, आणि नवा-जुना अशी जोडी लावू नये. अशा वेळी जुना सेल गळतो आणि हिरवी बुरशी धरल्यासारखी पट्टी गाडीचा निकाल लावते.

दुकानातले आणि घरातले

बोहरी आळीतल्या दुकानदाराने न सांगताच विचारले होते, ‘साहेब, सेल घालून दाखवू का?’ ऑनलाइन खरेदीत ही सोय नाही, म्हणून तिच्याविषयी थोडे सांगतो. दुकानात गाडी चालू करून दाखवतात. आपण ती बंद करून पाहावी. गाडी बंद असताना मागची चाके बोटाने फिरतात का, हे पाहायचे. या साध्या परीक्षेचे महत्त्व आम्हाला दुसऱ्या आठवड्यात कळले.

मूल मोटारीच्या गाडीला मोटारीची गाडी मानत नाही. ती ढकलायची वस्तू असते. ते बटण बंद करते आणि गाडी हाताने ‘घूंऽऽ’ करत नेते. आता ज्या गाडीत मोटारीपासून चाकापर्यंत दंतचक्रांची घट्ट साखळी आहे, तिची चाके बाहेरून फिरवणे म्हणजे साखळी उलटी ओढणे. काही गाड्यांत तर मोटारीच्या दांड्यावर स्क्रूसारखे आटे असतात. तिथे चाक बाहेरून फिरूच शकत नाही. मूल जोर लावते, प्लॅस्टिकचे दात झिजतात आणि मग मोटार नुसतीच घरघरते, गाडी जागची हलत नाही. पथारीवरची गाडी याच कारणाने नवव्या दिवशी गेली. पण आश्चर्य असे की तीन हजारांचीही त्याच मार्गाने, अठराव्या दिवशी गेली. मधल्या संचातील गाडी बंद केली की चाके मोकळी होतात. आतले एक दंतचक्र बटणासोबत बाजूला सरकते. ती अजून दोन्ही प्रकारे चालते आहे.

मोटार सुरू असताना मुले काय करतात, हेही बघण्यासारखे असते. पहिली दहा मिनिटे चारही मुले गाडीकडे टक लावून पाहत होती. पुढची पाच मिनिटे टाळ्या. त्यानंतर गाडी फिरत राहिली आणि मुले उठून गेली. खेळ पुन्हा सुरू झाला तो रस्ता मोडल्यावर. सहा वर्षांच्या मुलाने पुलाच्या जागी वही उभी केली. भाच्याने गाडीपुढे हात ठेवून टोल मागायला सुरुवात केली. शेजारच्या मुलीने गाडीवर रुमालाची घडी ठेवून ‘बाळ झोपलंय’ म्हणून सगळ्यांना गप्प केले. गाडी धावणे ही खेळाची सुरुवात असू शकते. पण जिथे धावण्याखेरीज करायला काही ठेवलेलेच नाही, तिथे मूल केवळ प्रेक्षक होते. महागड्या संचात नेमके तेच झाले. त्यात क्रेन गाडी उचलत होती, लिफ्ट वर नेत होती, घंटा वाजत होती; सगळे आपोआप. क्रेन कुठे आणि लिफ्ट कुठे, हे साच्यातच पक्के असल्याने रस्त्याची दुसरी मांडणी करता येत नव्हती. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने डिसेंबर २०१८ मध्ये लहान मुलांच्या खेळण्यांविषयी अहवाल दिला. त्यातही झगमगाटी इलेक्ट्रॉनिक खेळण्यांपेक्षा साध्या आणि मोठ्या माणसाला सोबत ओढणाऱ्या खेळण्यांना झुकते माप आहे. पुणेकरांना यात नवे काही वाटू नये. काडेपेटी आणि सायकलच्या व्हॉल्व ट्यूबमधून खेळणी करणारे अरविंद गुप्ता अनेक वर्षे पुण्यातल्याच ‘आयुका’च्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत मुलांना हेच करून दाखवत होते.

म्हणजे मोटार वाईट असे अजिबात नव्हे. चढ चढताना गाडीचा आवाज बदलतो, उंच पूल केला की ती मागे घसरते, रबरी टायर निघाला की गरगरते पण पुढे सरकत नाही, ही सारी विज्ञानाची पहिलीवहिली पाने आहेत, आणि ती मोटारीमुळेच उघडतात. अट एवढीच, की पूल किती उंच करायचा, हे मुलाला ठरवता आले पाहिजे.

त्यासाठी रस्त्याचे तुकडे मुलाच्या हाताने जोडता यायला हवेत. खोक्यावर ‘३ वर्षे व त्यापुढे’ असते, पण जोडायला बाबा लागतात, असे दोन संचांत झाले. कंगव्यासारख्या दातांच्या, दोनशेहून अधिक छोट्या तुकड्यांनी बनणारा वळता येणारा रस्ता दिसायला मोहक असतो. तो जोडण्यासाठी अंगठ्यात जो जोर लागतो, तो तीन वर्षांच्या मुलाकडे नसतो, आणि असे तुकडे आवरताना घरातल्या आजींची कंबर जाते ती वेगळीच. हाताच्या पंजाएवढे जाड तुकडे, एकात एक खटकन बसणारे, हे या वयाला योग्य. जोडाचा कान तुटला तर सुटा तुकडा मिळतो का, हे दुकानदाराला विचारावे. उत्तर बहुधा ‘नाही’ असते, पण विचारलेले बरे. तुकड्याच्या कडेवरून नख फिरवावे. नख अडले तर तिथे साच्यातले जादा प्लॅस्टिक कापायचे राहिले आहे आणि उद्या तिथेच बोट कापणार. आमच्या पहिल्या संचात सरळ तुकड्यांची एक अख्खी बाजू अशी होती.

आवाजाबद्दल थोडक्यात. भोंगा असलेली गाडी हातभर लांब धरून ठीक वाटते. मूल मात्र ती कानाला लावते, म्हणून आपणही एकदा आपल्या कानाला लावून पाहावी. नको वाटली तर घेऊ नये. आवाजाचे वेगळे बटण असेल तर सोने. नसेल, तर स्पीकरच्या जाळीवर आतून चिकटपट्टी लावली की आवाज बराच उतरतो. महागड्या संचावर आम्हाला हाच उपाय करावा लागला.

तीन आठवड्यांनंतरचा हिशेब असा. पथारीवरचा संच गेला. त्यातले सेल आधी काढून, दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावून वेगळे ठेवले. घरच्या कचऱ्यात ते टाकायचे नसतात, जुन्या सेलच्या संकलनाच्या पेटीत द्यायचे असतात. महागडा संच कपाटावर चढला. मधल्याची गाडी सोफ्याखालून दिवसातून दोनदा काढावी लागते. साडेअकराशेत काय मिळाले म्हणाल, तर सोळा जाड तुकडे, एक पूल, एक बोगदा, स्क्रूची डबी असलेली एक गाडी; दिवा नाही, भोंगा नाही. खोक्यावरचे चित्र तिघांत सर्वांत साधे होते आणि म्हणूनच बहुधा भेट देणाऱ्यांचा हात त्याच्याकडे उशिरा जातो.

ज्यांच्या घरी असा संच आला आहे, त्यांनी खोका लगेच रद्दीत घालू नये. परवाना क्रमांक त्याच्यावरच असतो. क्रमांक खोटा निघाला किंवा चिन्हच नसेल, तर त्याच अ‍ॅपमधून ब्युरोकडे तक्रार करता येते. विनाचिन्ह खेळणी विकणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी किमान दोन लाख रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. पैसे परत मिळण्याविषयी विक्रेता दाद देत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तिथे पावती मागतात. पथारीवरच्या खरेदीची पावती अर्थातच आमच्याकडे नव्हती.